त्रेपन्नावा दरवाजा

आमच्या गावात दरवाजांची टंचाई कधीच नव्हती. टंचाई पाण्याची आहे, पार्किंगची आहे, सांगितलेल्या वेळेला येणाऱ्या प्लंबरची आहे; दरवाजे मात्र बावन्न. निदान सांगायला तरी बावन्नच. बाहेरगावच्या पाहुण्यानं ‘मोजून दाखवा’ म्हटलं, की आम्ही भडकल, दिल्ली, मकाई, पैठण, रोशन, रंगीन, बारापुल्ला, काळा, नौबत, कटकट अशी दहा नावं एका दमात घेतो आणि दम संपला की पाहुण्यासाठी चहा टाकायला सांगतो. ‘कटकट दरवाजा’ ऐकून पाहुणा हसत सुटतो आणि उरलेले बेचाळीस विचारायचे विसरतो. या कामी त्या दरवाजाचा फार उपयोग होतो.

भडकल सगळ्यांत थोरला. मलिक अंबरानं तो १६१२ साली मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून बांधला. पुढं त्याच मुघलांचा औरंगजेब इथं येऊन राहिला आणि मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीनं त्यानं १६८२ च्या सुमारास गावाला तट घातला. तट आला की दरवाजे आलेच. नंतर तट बराचसा पडला, दरवाजे बरेचसे राहिले. त्यामुळे आज काही ठिकाणी चौकात नुसता दरवाजा उभा आहे आणि त्याला धरून भिंतच नाही. बाजूनं जायला चांगला डांबरी रस्ता आहे. पण आमचा माणूस बाजूनं जात नाही. कमानीखाली आधीच एक रिक्षा, दोन स्कूटर आणि एक हातगाडी अडकलेली असते, तिथंच तो हॉर्न देत घुसतो. समोर दरवाजा असताना वळसा घालणं म्हणजे स्वतःच्या घरात खिडकीतून शिरल्यासारखं त्याला वाटतं.

गावानं खडकी, फत्तेहनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर अशी चार नावं पाहिली. दरवाजांनी आपलं वळण सोडलं नाही. पैठण दरवाजा पैठणच्या वाटेला आणि दिल्ली दरवाजा दिल्लीच्या वाटेला तोंड करून उभा आहे. आपण कुठं जातो हे दरवाजानं नावातच सांगून टाकावं, म्हणजे माणसाला विचारत बसावं लागत नाही.

अशा गावात २०१० साली चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला एक भलामोठा मॉल उघडला आणि आम्हाला त्रेपन्नावा दरवाजा मिळाला. मॉलचं नाव घेत नाही. फुकटची जाहिरात कशाला? शिवाय त्याच्या दरवाजालाही नाव नाही, नुसता क्रमांक आहे. गेट क्रमांक एक, गेट क्रमांक दोन. कुठं जातं म्हणाल, तर पार्किंगला.

हा मॉल आता आमच्या पाहुणचारात पक्का बसला आहे. पूर्वी पाहुण्यांना एका दिवसात वेरूळ, घृष्णेश्वर, भद्रा मारुती, दौलताबाद, बीबी का मकबरा आणि पाणचक्की असं सगळं उरकून रात्री पाय चेपत बसवायचं, अशी रीत होती. आता या फेऱ्याच्या शेवटी मॉल असतो. काही पाहुणे तर सुरुवातीलाच विचारतात, की लेणी वगळली तर मॉलला जास्त वेळ मिळेल का? राष्ट्रकूट राजा कृष्णाच्या काळात अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणून कैलास उभा केला, त्याला बाराशे वर्षं होऊन गेली. तो आणखी एक दिवाळी थांबू शकतो. मॉलमधला सेल रविवारी संपतो.

तर, आमचे मामा आणि मामी पैठणहून आले ते अशाच एका मे महिन्यात. मामांना डोळे दाखवायचे होते आणि मामींना नव्या सुनेसाठी कुर्ता घ्यायचा होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ‘काही झालेलं नाही’ म्हणून सांगितल्यावर मामा जरा नाराज झाले. भाडं खर्चून आलेल्या माणसाला काहीतरी निघायला हवं असतं. उन्हाचा पारा बेचाळिसावर होता. गुलमंडीत पाय ठेवला असता तर चपलेसकट डांबरात रुतला असता. मी म्हटलं, “मामा, मॉलला जाऊ. थंड असतं.”

मामांची ओळख करून दिल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, जायकवाडी धरणावर झाली. शास्त्रीजींनी १९६५ साली पायाभरणी केली आणि इंदिराबाईंनी १९७६ साली उद्घाटन केलं, ते नाथसागराचं धरण. त्याला सत्तावीस दरवाजे आहेत. अठरा नेहमीचे, नऊ आणीबाणीचे. पावसाळ्यात ‘जायकवाडीचे अमुक दरवाजे अर्धा फूट उघडले’ अशी बातमी आली, की निवृत्तीला इतकी वर्षं होऊनही मामा पेपर बाजूला ठेवून म्हणतात, “अर्धा फूट कामून? एक फूट पाहिजे होता.” दरवाजा ही वस्तू वरून लेखी आदेश आल्यावर, भोंगा वाजवून, नदीकाठच्या गावांना सावध करून मगच उघडायची असते, अशी त्यांची पक्की समजूत आहे. आमच्या बावन्न दरवाजांना ते मोजतच नाहीत. “उघडत न्हाईत, लावत न्हाईत. ते कसले दरवाजे? कमानी म्हणा.”

मॉलच्या काचेच्या दरवाजापुढे मामा येऊन उभे राहिले आणि दरवाजा आपोआप उघडला. मामा एक पाऊल मागं सरले. दरवाजा लागला. मामा पुढं झाले. उघडला. मामांनी मागं वळून मला विचारलं, “ऑर्डर कुणी दिली?”

कुणी दिली नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. त्यांच्या नोकरीत असं झालं असतं तर नांदेडपर्यंत चौकशी लागली असती.

आत गेल्यावर तपासणी. मामांच्या खिशापाशी यंत्र वाजलं. खिशातून निघाला अडकित्ता. मोराच्या आकाराचा, पितळी, मामांच्या वडिलांपासून चालत आलेला. हे हत्यार की भांडं यावर दोन रखवालदारांत मतभेद झाले. तिसऱ्यानं तो दोनदा उघडमिट करून पाहिला, ‘छान आहे’ म्हणाला आणि टोकन देऊन टेबलाखाली ठेवून घेतला. तोवर मामींच्या पिशवीतून डबा निघाला होता.

“डब्यात काय, मावशी?”

“दशम्या. अन् शेंगदाण्याची चटणी.”

“बाहेरचं खायला आत न्यायला मनाई हाय.”

“बाहेरचं कुठंय? घरचंय.”

रखवालदाराला या मुद्द्यावर काही शिकवलेलं नसावं. त्यानं मामींकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि आमच्या भागात अडचणीच्या वेळी जे विचारतात ते विचारलं, “गाव कोणतं म्हणायचं?” मामींनी पैठण म्हटलं. त्याची बहीण बिडकीनला दिलेली निघाली. बिडकीन म्हणजे पैठणच्या रस्त्यावरच. मग बहिणीच्या सासऱ्यांचं आडनाव, त्यांचं शेत, त्या शेताला येणारा पाट आणि त्या पाटाचं पाणी कोणत्या साली आलं, इथपर्यंत गोष्ट गेली. मागं रांग वाढली, पण कुणी कुरकुरलं नाही. रांगेतले दोघं बिडकीनचेच होते. शेवटी तो म्हणाला, “न्या. फक्त दिसू देऊ नका.”

मला वाटतं, मलिक अंबराच्या दरवाजावरही पहारेकऱ्यांनी असंच काहीतरी केलं असणार. तट सैन्यासाठी असतो. दशमीवाल्यांना कुठलाच तट अडवत नाही.

आत शिरताच गार हवेचा झोत अंगावर आला आणि मामींनी डोळे मिटून ‘विठ्ठला’ म्हटलं. इथं मला थोडं आडवळण घ्यायचं आहे, कारण लोक मॉलला परदेशी थेर म्हणतात आणि ते मला पटत नाही. उन्हाळ्यात चार माणसांना फुकट गारव्याला बसवायची सोय या गावात कैक पिढ्या चालत आली आहे. पाणचक्की पाहा. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याला लागून ती आहे. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून मैलोन्‌मैल आणलं, उंचीवरून खाली सोडलं आणि त्या पाण्याच्या जोरावर जातं फिरवून फकिरांसाठी पीठ दळलं, एवढं सगळे पाहुणे ऐकतात आणि फोटो काढून निघतात. पण खरी गंमत हौदाच्या खाली आहे. त्या मोठ्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छप्पर. वर पाणी, खाली खांबांवर उभं प्रशस्त दालन. उन्हाळ्यात यात्रेकरू खाली जाऊन बसत आणि डोक्यावरच्या पाण्याचा गारवा खात. वीज नाही, कॉम्प्रेसर नाही, बिल तर नाहीच. दळण होईपर्यंत बसायचं, गप्पा मारायच्या, डुलकी काढायची, पीठ घ्यायचं आणि निघायचं. मॉलमध्ये लोक याहून वेगळं काय करतात? फरक एवढाच, की इथं पीठ मिळत नाही.

खरेदी हा मॉलमधला सगळ्यांत गौण भाग. रविवारी दुपारी चार वाजता तुम्ही बाहेर पडायच्या दारापाशी उभे राहा आणि लोकांच्या हातांकडे बघा. दहांतल्या आठांच्या हातात काही नसतं. नवव्याच्या हातात झोपलेलं पोर असतं. सिडकोची, गारखेड्याची, वाळूजच्या कारखान्यांतली, गंगापूर-वैजापूर-सिल्लोडची कुटुंबंच्या कुटुंबं येतात, गार होतात आणि जातात. कॉलेजातली पोरं कपड्यांच्या दुकानात शिरून पाच-पाच शर्ट घेऊन आत जातात, आतल्या आरशात प्रत्येक शर्टातला फोटो काढतात आणि पाचही शर्ट घडी घालून परत देतात. घडी अगदी नीट घालतात हो. आईनं घरी कधी पाहिली नसेल अशी.

मामांना पहिल्यांदा भावला तो मजल्यांचा नकाशा. एका लाल टिंबाशेजारी लिहिलं होतं, ‘तुम्ही येथे आहात’. मामांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. “हे मला म्हाईतच हाय,” ते म्हणाले, “बाकीचे कुठं हाईत ते लिहा की.” तोवर मामी खरंच दिसेनाशा झाल्या होत्या.

मामी सरकत्या जिन्यापाशी होत्या. त्या पायथ्याशी बायकांचा एक जथाच थांबलेला असतो, पाऊल पुढं करून मागं घेत. एक रखवालदार फक्त त्यासाठीच ठेवलेला आहे. तो ‘उजवा, उजवा’ असं म्हणत एकेकीला पार करतो. मामींनी पदर खोचला, हनुमानाचं नाव घेतलं आणि चढल्या. मामा खाली उभे राहून निरीक्षण करत होते. आयुष्यभर पाणी उतारानंच जातं हे पाहिलेला माणूस तो. थोड्या वेळानं त्यांनी निर्णय दिला, “हे उपसा सिंचन हाय.” आणि हात मागं बांधून, अधिकाऱ्यानं पाहणीला जावं तसे वर गेले.

वर गेल्यावर मामा स्वच्छतागृहात शिरले ते बाहेर येईनात. पाच मिनिटं झाली, दहा झाली. वयस्कर माणूस, मी काळजीनं आत गेलो. मामा बेसिनपाशी उभे होते. नळाखाली हात धरत होते, पाणी येत होतं. हात काढत होते, पाणी थांबत होतं. परत हात, परत पाणी. शेजारचा माणूस हात धुऊन गेला, दुसरा आला, तोही गेला.

“मामा, चला.”

“थांब जरा. इथं नळाला पाणी कव्हा येतं?”

“रोज.”

“किती वाजता?”

“कधीही. हात धरला की.”

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच ओशाळल्यासारखं झालं. त्याचं कारण सांगतो. आमच्या घरी नळाला पाणी रोज येत नाही. मधे पाच, सहा, कधी आठ दिवस जातात. यायचा दिवस ठरलेला असतो, वेळ ठरलेली नसते. पाणी येणार त्या रात्री घरातला एक माणूस जागा राहतो आणि त्याच्या त्यागाबद्दल सकाळी त्याला पहिला चहा मिळतो. लग्नाच्या तारखा आमच्याकडे पंचांग आणि पाण्याचा दिवस अशा दोन्ही गोष्टी पाहून काढतात. आणि हे पाणी येतं कुठून? जायकवाडीतून. म्हणजे मामांच्या सत्तावीस दरवाजांमागून.

“आमचंच पाणी,” मामा पुटपुटले. “पैठणातून एकाच दिवशी निघतं. तुझ्या घरी आठ दिवसांनी अन् इथं हात धरला की.” मग सरकारी माणसाच्या आवाजात, “मधे कोण अडवतं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामांनी शेवटचा एकदा हात धरला, ओंजळभर पाणी तोंडावर मारलं आणि टोपी नीट करून बाहेर आले. पण त्या दिवशी ते आणखी दोनदा आत जाऊन आले. तब्येतीचा प्रश्न नव्हता. पाहणी होती.

आता मामींचा कुर्ता. दुकान असं होतं, की आत माल कमी आणि उजेड जास्त. मामींनी एक निळा कुर्ता निवडला, उलटा करून शिवण पाहिली, धागा ओढून पाहिला, कापड ओठांना लावलं (हे का करतात मला माहीत नाही, पण आमच्या घरातल्या सगळ्या बायका करतात) आणि काउंटरवरच्या पोराला विचारलं, “कितीला?”

“त्याच्यावर लिहिलंय, मॅडम. नऊशे नव्याण्णव.”

“ते लिहिलेलं झालं. द्यायचे किती?”

“नऊशे नव्याण्णव, मॅडम.”

“खरं सांग बाबा. पैठणहून आलेय.”

पोरगा हसला. चांगला होता बिचारा. म्हणाला, “मॅडम, कमी करायचं माझ्या हातात नाही, कॉम्प्युटरच घेत नाही.” मामींनी कॉम्प्युटरकडे नजर टाकली. त्याच्याशी बोलणी करता येतील असं काही दिसेना. मग त्यांनी ठेवणीतला डाव टाकला. कुर्ता शांतपणे काउंटरवर ठेवला, “असू दे मग” म्हटलं आणि चालायला लागल्या.

हा डाव ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गुलमंडीत, पैठण गेटला, औरंगपुऱ्यात गिऱ्हाईक असं निघालं, की पहिल्या चार पावलांत दुकानदार काही बोलत नाही. त्यानं बोलणं कमीपणाचं. पाचव्या पावलाला तो घसा साफ करतो. सातव्याला ‘ताई, ऐका तर’. गिऱ्हाइकानं सातव्याला थांबायचं नसतं, दहाव्याला थांबायचं. पण पूर्ण वळायचं नाही, फक्त मान वळवायची. मग तो आकडा सांगतो. चालण्याचा वेग इथं महत्त्वाचा. फार भरभर गेलं तर तो समजतो, हिला खरंच नको आहे; फार हळू गेलं तर ओळखतो, हिला फार हवं आहे. मामींचा वेग मी लहानपणापासून पाहत आलोय. त्यात खोट काढायला जागा नाही.

त्या गेल्या. पाच पावलं. सात. दहा. मान वळवायची जागा आली, पण हाक आली नाही. मामींनी जरा वेग कमी केला. दुकानाचा उंबरा आला, उंबराही ओलांडला. बाहेर येऊन त्या काचेला लागून उभ्या राहिल्या, पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं करत. आत तो पोरगा कुर्त्याची घडी घालून परत खुंटीला लावत होता. मामी एक पूर्ण मिनिट थांबल्या. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “आजारी हाय का रे तो?”

मी हसलो नाही, कारण हा प्रश्न फक्त मामींचा नाही. सगळ्या गावाच्या हाडातच घासाघीस आहे. ज्या २०१० साली हा मॉल उघडला, त्याच साली ऑक्टोबरात इथल्या मंडळींनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज गाड्या एकदम विकत घेतल्या होत्या. पासष्ट कोटींचा मामला. देशभर बातमी झाली. मराठवाड्यात एवढा पैसा आला कुठून, अशी पुण्या-मुंबईच्या पेपरांनी तोंडात बोटं घातली. आमच्या गावात मात्र पैशाचं कुणाला फारसं कौतुक नव्हतं. पानाच्या ठेल्यावर चर्चा होती ती अशी, की घाऊक घेतल्या, बँकेकडून व्याज पाडून घेतलं, मग आणखी किती पडलं असतं? मर्सिडीजवाला कमी करतो आणि कुर्तेवाला करत नाही, हे न्यायाला धरून नाही.

बरं, त्या नऊशे नव्याण्णवातला जो एक रुपया कमी असतो, तोही मला जुन्या ओळखीचा वाटतो. आझमशहानं आपल्या आईसाठी बांधलेला बीबी का मकबरा आमच्या गावात आहे. १६६० च्या सुमाराचा. ताजमहालाची नक्कल म्हणून त्याला दिल्ली-आग्र्याची माणसं हिणवतात, ते सोडा. त्याच्या खर्चाची जी जुनी नोंद सांगतात ती सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये, सात आणे अशी आहे. सात आणे! जयपूरकडून संगमरवराच्या गाड्या आल्या, घुमट चढला, मिनार उभे राहिले, कारंजी लागली आणि हिशोबनीस सात आण्यांवर अडून बसला. त्यानं सात आणे वर लिहिले, मॉलवाले एक रुपया खाली लिहितात. दोघांचा हेतू एकच. आकडा खरा वाटावा.

मकबऱ्याला संगमरवरसुद्धा बघा कसा आहे. खाली भिंतीला बेताच्या उंचीपर्यंत आणि वर घुमटाला. मधला बराच भाग नुसता गिलावा. पण असा घोटलेला, की लांबून कळत नाही. जिथं हात लागतो तिथं दगड आणि जिथं नुसती नजर जाते तिथं चुना. मॉलमध्ये दर्शनी भागात पाय घसरेल अशी चकचकीत फरशी आणि मालाच्या गाड्या येतात त्या मागच्या बाजूला साधं सिमेंट पाहिलं, तेव्हा मला या गावात काही नवीन घडत असल्यासारखं वाटलं नाही.

भूक लागली होती. खाण्याच्या मजल्यावर गेलो. आमच्या गावाची खरी मिरास म्हणजे नान-खलिया. तुघलकानं १३२७ साली दिल्ली उठवून दौलताबादेत आणली, तेव्हा त्याच्या लष्कराबरोबर तो आला असं सांगतात. तो इथं नव्हता. बुड्ढी लेनमध्येच जावं लागतं. मामा माळकरी असल्यामुळे मी विषय काढला नाही. त्याऐवजी कागदी पेल्यात लोणी लावलेले मक्याचे दाणे होते. पेला मामांनी हातात घेतला, किंमत विचारली आणि दाणे मोजायला सुरुवात केली. चाळिसाच्या आसपास मामींनी थांबवलं.

“यांच्या धरणाखाली एवढ्या पैशात पोतं येतं,” मामी म्हणाल्या आणि डबा काढला.

“मामी, तो म्हणाला होता, दिसू देऊ नका.”

“टेबलाच्या खाली उघडते.”

मीही टेबलाखाली वाकलो, आणि त्या मजल्याचं खरं दर्शन मला तिथं झालं. वरच्या बाजूला प्रत्येक टेबलावर एक थंड पेय आणि त्यात चार नळ्या, म्हणजे बसायचं भाडं. खालच्या बाजूला, ओळीनं, मांडीवर मांडीवर, अख्खा मराठवाडा जेवत होता. थालीपीठ, धपाटे, ठेचा, केळ्यांचा घड. एका मांडीवर तर वरण-भाताचा डबा होता आणि पोराला तूप वाढणं चाललं होतं. शेजारच्या सिल्लोडकर बाईंनी टेबलाखालूनच मामींना विचारलं, “चटणी आहे का थोडी?” मामींनी दिली. त्यांनी बदल्यात धपाटा दिला. वरून कुणी बघितलं असतं तर दोन अनोळखी बायका मक्याच्या पेल्याकडे गंभीरपणे पाहत बसल्यात, एवढंच दिसलं असतं.

निघताना मामांनी टोकन दिलं, अडकित्ता परत घेतला, पाती तपासली आणि तिथंच उभ्यानं सुपारी कातरून तिन्ही रखवालदारांना खांड-खांड दिली. दरवाजा उघडला. आता मामांना त्याचं काही वाटलं नाही. जाताना फक्त त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, “याला सायरन पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, मामी मला घेऊन गुलमंडीत गेल्या. सुपारी हनुमानाला लांबूनच हात जोडले आणि एका दुकानात गादीवर मांडी घालून बसल्या. दुकानदारानं पंखा त्यांच्याकडे वळवला, पाणी मागवलं, न विचारता वीस कुर्ते उलगडले. त्यात तसाच एक निळा होता. मामींनी शिवण पाहिली, धागा ओढला, ओठांना लावला.

“कितीला?”

“साडेसातशे.”

“सांगायचे की द्यायचे?”

“ताई, हाच माल मॉलमध्ये हजाराला आहे. खोटं वाटत असेल तर जाऊन विचारा.”

“विचारूनच आलेय. कालच. नऊशे नव्याण्णव.”

दुकानदार खुलला. गिऱ्हाइकानं आपण होऊन साक्ष दिल्यावर कोण खुलणार नाही? “मग? बघा! म्हटलं ना मी!”

“त्याच्यात एसी होता,” मामी म्हणाल्या. “सरकता जिना होता. नळाला पाणी होतं. ते सगळं वजा कर अन् मग सांग.”

दुकानदारानं मामींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग वरच्या पंख्याकडे पाहिलं, तो कटकट आवाज करत फिरत होता. “साडेसहाशे,” तो म्हणाला.

मामींनी कुर्ता शांतपणे गादीवर ठेवला आणि चपला शोधायला लागल्या.